बिनवर्गाच्या बाई

आमच्या शाळेत एक बाई होत्या, त्या मुलाला पहिले पंधरा दिवस काहीही शिकवत नसत. शेंगा फोडायला लावत. भुईमुगाच्या. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत चटई टाकून बसायच्या, शेजारी ते मूल, मधे परात, आणि दोघं मिळून शेंगा फोडत. ना पुस्तक, ना वही, ना एक प्रश्न. फोडलेले दाणे मुलाने खाऊन टाकले तरी चालत. मी पहिल्यांदा दारातून हे बघितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही सत्तर पोरांसमोर घसा फोडायचा आणि ह्यांनी भुईमूग! तोंडावरच विचारलं, "अहो, ही शाळा आहे की मार्केट यार्ड?" त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "बाई, फळ्यासमोर मूल सगळं लपवतं. शेंगा फोडताना लपवायचं विसरतं. बसा ना, दोन शेंगा तुम्हीही फोडा." मी कशाला बसते!

संस्थेच्या कागदावर त्यांचा हुद्दा होता विशेष शिक्षिका. वाचता-लिहिता न येणारी, एका जागी न बसणारी, उगाच रडणारी, उगाच मारणारी अशी तीन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतातच. ती सगळी ह्यांची. तपासणीला कुणी आलं की दाखवायला एक तरी असावी, म्हणून करारावर नेमलेल्या. त्यांना स्वतःचा वर्ग नव्हता, हजेरीपट नव्हता, स्टाफरूमच्या कपाटात खणसुद्धा नव्हता. म्हणून बिनवर्गाच्या बाई. हे नाव मीच ठेवलं. मी मराठीची, नववी 'ब'ची वर्गशिक्षिका. असल्या कामात माझा हात कुणी धरला नसता. स्टाफ दिवसभर हसला. मुलं मात्र त्यांना ताई म्हणत. इथून पुढे मीही ताईच म्हणणार आहे. त्या जिवंत असताना एकदाही म्हटलं नाही, आता तेवढं तरी.

ताई मूळच्या सटाण्याकडच्या. बोलणं आमच्यासारखंच शुद्ध, शहरातलं. पण एखादं मूल घाबरून थरथरायला लागलं की त्यांच्या तोंडून अहिराणी निघायची. "घाबरू नको, मी शे ना." म्हणजे मी आहे ना. पाचवीतली एक मुलगी आई गेल्यापासून शाळेत आली की टेबलाखाली जाऊन बसायची. आम्ही ओढून काढायचो, ती चावायची. ताईंनी काय करावं? त्याही टेबलाखाली जाऊन बसल्या. रोज अर्धा तास. मुख्याध्यापक एका पाहुण्यांना शाळा दाखवत त्या खोलीत आले, तर खोली रिकामी आणि टेबलाखालून चार पावलं बाहेर. पाहुण्यांनी विचारलं, "हे काय?" टेबलाखालून आवाज आला, "तास चालू आहे सर, जरा हळू बोला." सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दीड महिन्याने ती मुलगी टेबलाखालून निघून खुर्चीवर बसली, आणि ताई गुडघे चोळत आठवडाभर लंगडत होत्या.

त्यांची चिठ्ठीची पद्धत तर माझ्या डोक्यात जायची. सातवीतला ओंकार नावाचा मुलगा तासाला दोनदा माझ्या दारात उभा. हातात घडी घातलेली चिठ्ठी. उघडावी तर आत लिहिलेलं, 'काम काही नाही. "बरं, सांगते" म्हणा आणि परत पाठवा.' म्हणजे पोरगं बसून बसून उकळायला लागलं की त्याला चार जिने चढ-उतार करायला लावायचं, आणि वर त्याला वाटायला हवं की आपण कामाला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी मी चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवलं, 'माझा वर्ग म्हणजे पोस्ट ऑफिस नव्हे.' उत्तर आलं, 'चुकलं. उद्यापासून भूगोलाच्या सरांकडे पाठवते.' दिवाळीपर्यंत ओंकार सलग अर्धा तास बसायला लागला होता. तो कुणाला दिसला नाही. माझं पोस्ट ऑफिस मात्र स्टाफरूममध्ये महिनाभर गाजलं.

"आळशी मूल मी अजून पाहिलेलं नाही," त्या म्हणायच्या. "दमलेलं पाहिलंय. तुमच्या-माझ्यापेक्षा चौपट कष्ट करून एक ओळ वाचायची आणि वर आळशी म्हणवून घ्यायचं, तुम्ही दमणार नाही?" हे त्या ज्याला त्याला सांगायच्या. आम्ही माना डोलवायचो आणि वर्गात जाऊन त्याच पोराला आळशी म्हणायचो.

पालकसभेत त्यांनी एकदा सगळ्या बापांना आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहायला लावलं. आणि मागे उभं राहून आमच्याच आवाजात ओरडायला लागल्या, "लवकर! लक्ष कुठंय? एवढं सोपं येत नाही? शेजारच्याचं बघ कसं सुरेख!" बाप हसले, मग कावरेबावरे झाले. एकाने पेन आपटलं. ताई म्हणाल्या, "बघा, तुम्हाला तीन मिनिटं झाली. तुमच्या मुलाला नऊ वर्षं झालीत." त्या दिवशी मलासुद्धा गलबललं. पण गलबललं म्हणून माणूस सुधारतो असं थोडंच आहे.

आता वैष्णवीबद्दल सांगते. मुलीचं नाव मी बदललंय. तिच्या घरचे पंचवटीच्या भाजीबाजारात बसतात एवढंच खरं ठेवलंय. नववीत माझ्या वर्गात आली. चौथ्या बाकावर, भिंतीकडे. पेपर कोरा नाही तर गिचमीड. मराठीत वीसपैकी दोन. मी तिला उभं करून वाचायला लावायची आणि वर्ग खुसुखुसु हसायचा; मी हसू द्यायची. एक दिवस ताई माझ्याकडे आल्या. "बाई, धड्यावरचे प्रश्न तिला तोंडी विचारा. फक्त एकदा. माझ्यासमोर." मधल्या सुट्टीत विचारले. ती पोरगी घडाघडा बोलत सुटली. वर्गात मी जे एकदाच बोलले होते, तेही तिला शब्दाला शब्द आठवत होतं. मनातल्या मनात मी तिला वीसपैकी सतरा दिले. आणि मला भयंकर राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

कागदावरची अक्षरं न लागणं हे एका प्रकारचं न्यून असतं, डोक्याचा त्यात दोष नसतो, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी करून त्याचा दाखला मिळतो. तो असला की दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, म्हणजे मुलीने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. ताईंनी त्या दाखल्यासाठी वैष्णवीला घेऊन किती खेपा घातल्या! आज डॉक्टर नाहीत, उद्या शिक्का नाही, परवा फोटोच छोटा. दाखला हातात आला त्या दिवशी त्यांनी तो शिपायापासून सगळ्यांना दाखवला. मुलीच्या वडिलांना सांगून ठेवलं, "शाळेतून बोलावणं येईल. सवलतीच्या अर्जावर सही लागेल. लगेच या."

आता आमचा धंदा सांगते. धंदाच म्हणायचा. शाळेच्या फाटकावर एक बोर्ड आहे, दहावीचा निकाल शंभर टक्के, सलग इतकी वर्षं. त्यातला आकडा दर जूनला रंगवून वाढवतात. हा शंभर टक्के दहावीत लागत नाही, नववीत लागतो. नववी संपली की जी मुलं निकालाला दगा देतील त्यांची यादी निघते. पालकांना बोलवायचं, गोड बोलायचं, शाळा सोडल्याचा दाखला घ्या म्हणायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा म्हणायचं. आणि हे सगळं पालकांच्या विनंतीवरून! त्यासाठी पालकाच्या स्वतःच्या अक्षरातला अर्ज घ्यायचा: 'घरगुती अडचणींमुळे मी स्वखुशीने पाल्याचा दाखला मागत आहे.' मजकूर आमचा, अक्षर त्यांचं. उद्या कुणी तक्रार केली तर फाइल उघडून दाखवायला बरं. हा मजकूर बसवला होता कोणी? मीच. आणि पालकांना कात्रजचा घाट दाखवायला शाळेत माझ्याइतकं कुणाला जमत नसे. मुख्याध्यापक सर म्हणायचे, "बाई, तुम्ही बोललात की माणूस दाखला घेऊन वर आभार मानून जातो."

त्या एप्रिलच्या यादीत वैष्णवी होती. मी म्हटलं, "सर, तिला सवलत मिळणार आहे."

"सवलत मिळूनही नापास झाली तर? बोर्ड कोण उतरवणार, तुम्ही?"

मी यादीची घडी करून पर्समध्ये टाकली. सर वाईट नव्हते, त्यांच्यावर संस्था होती; संस्था वाईट नव्हती, तिच्यावर शेजारची शाळा होती. हे असंच असतं, कुणीच वाईट नसतं.

वडिलांना बोलावलं त्या दिवशी ताई दुसऱ्या एका मुलाला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. तो दिवस मी निवडला नव्हता असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. वैष्णवीचे पप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेथीची जुडी. "बाई, सही करायची ना? ताईंनी सांगितलं व्हतं, बोलावणं येईल म्हणून. लय उपकार झाले बघा."

मला तिथेच कळलं. हा माणूस सवलतीच्या अर्जावर सही करायला आलाय. एका वाक्याचं काम होतं, 'नाही हो, हा वेगळा अर्ज आहे.' मी ते वाक्य बोलले नाही. मी माझा मजकूर त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हे बघून उतरवा. तुमच्याच अक्षरात हवं." तो खाली वाकला. एकेक अक्षर बघून काढायला लागला. सहा ओळींना त्याला पाऊण तास लागला. कपाळावरून घाम गळून गंध ओघळलं. मी घड्याळ बघत होते, दोनदा म्हटलंसुद्धा, "पटपट करा हो, अजून तीन पालक यायचेत." तो ओशाळून म्हणाला, "अक्षर बरं नाय माझं, बाई." सही झाली. उठताना त्याने हात जोडले. "पोरगी दहावी होईल. आमच्या घरात पहिली."

मी म्हटलं, "होईल हो."

मेथी मी घरी नेली. खाल्लीसुद्धा. सगळं सांगायचं म्हटल्यावर हेही सांगितलंच पाहिजे.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या वर्गात हजेरी झाली आणि वैष्णवी उभी राहिली, "सर, माझं नाव नाही घेतलं." तिला ऑफिसात पाठवलं. क्लार्कने फाइल काढून तिच्यापुढे धरली आणि तिला वाचायला वेळ लागतोय म्हणून स्वतःच मोठ्याने वाचून दाखवलं: स्वखुशीने. अक्षर बापाचं होतं, ते तिला ओळखू आलं. तिने नव्या वह्यांची पिशवी उचलली आणि घरी गेली. घरी बापाला विचारलं, "का दिला अर्ज?" बाप म्हणाला, "मला वाटलं, तुला झेपणार नाही." त्या दिवसापासून ती बापाशी बोलेना.

हे मला ताईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या चटईवर बसले. परात नव्हती. त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, मला त्यात हार जायची सवय नाही. पण त्या हळू बोलल्या.

"बाई, वैष्णवीच्या पप्पांना वाचता येत नाही. लेकीचं तेच बापाचं. सातवीपर्यंत कसेबसे ढकलत गेले, मग बाजारात बसले. त्या पालकसभेत मला कळलं. सगळ्यांचं डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा वेडंवाकडं, ह्यांचं दोन्हीकडे सारखंच. मी बाजूला घेऊन विचारलं तर पाया पडायला लागले. 'ताई, पोरीला नका सांगू. तिला वाटतं तिचा बाप सातवी शिकलाय.' मी शब्द दिला."

सहा ओळींना पाऊण तास का लागला होता, ते मला आत्ता कळलं.

"काल मी त्यांना विचारलं, शिक्षणाधिकारी साहेबांपुढे एवढं सांगू का, की तुम्हाला वाचता येत नव्हतं? तिचं नाव लगेच पटावर येईल. ते नको म्हणाले. पोरगी बोलली नाही तरी चालेल म्हणाले, पण ते नको." ताईंनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "आता तुम्हीच आहात. तुम्ही त्यांना अर्ज वाचून दाखवला होता?"

"नाही."

"एवढंच लिहून द्या. वाचून दाखवला नाही आणि ते सवलतीचा समजत होते. दोन ओळी. त्यांचा शब्द मोडत नाही, कुणाची अब्रू जात नाही. मी शिक्षणाधिकाऱ्यांकडे घेऊन जाते. दहावीच्या परीक्षा मंडळाला सवलतीचे प्रस्ताव जायला अजून महिना आहे."

कुणाची अब्रू जात नाही म्हणे. माझी जात होती की! मी कागदाकडे बघत बसले. फाइल उघडली तर एक अर्ज निघणार नव्हता, सात-आठ वर्षांचे निघणार होते, सगळे एकाच मजकुराचे. चौकशी, निलंबन, पेन्शनला खोडा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, "माझी तीन वर्षं राहिलीत हो नोकरीची."

"तिची तर सगळीच राहिलीत, बाई."

मी उठले. कागद चटईवरच राहिला.

महिनाभर ताई एकट्याच हिंडल्या. शिक्षण खात्याच्या कचेरीत जायच्या, तिथे त्यांच्यापुढे तो अर्ज धरला जायचा: पालकांचं स्वतःचं अक्षर आहे, स्वखुशीने लिहिलंय, तुम्हाला काय त्रास? त्यांच्याकडे उत्तर होतं आणि त्या ते देत नव्हत्या. मी असते तर दिलं असतं. त्या शेंगाबिंगावाल्या बाईंचा शब्द एवढा पक्का असेल असं मला वाटलं नव्हतं. रोज संध्याकाळी येऊन त्या माझ्याकडे एकदा बघायच्या, मी वह्या तपासायला घ्यायची. मग तारीख उलटली. बाहेरून बसता आलं असतं, पण बाहेरच्या मुलीचे सवलतीचे कागद शाळेच्या शिफारशीशिवाय हलवायचे कुणी? आणि वैष्णवीनेच सांगितलं, "पप्पांनाच वाटत नाही मला जमेल असं, मग कशाला?" ती बाजारात बसायला लागली.

ताईंचा करार पुढे वाढवला नाही. कारण दिलं नाही. करारात कारण द्यायचं नसतंच. वर्ग नसलेल्या बाईंना निरोप कोणत्या वर्गाने द्यायचा, म्हणून निरोपसमारंभही झाला नाही. शेवटच्या दिवशी वेगवेगळ्या वर्गांतून एकेक, दोनदोन मुलं त्या खोलीशी जमली. ओंकार चटई उचलून रिक्षापर्यंत गेला आणि परत यायला तयार होईना. मी व्हरांड्यात उभी होते, टाळता आलं असतं तर टाळलं असतं. त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या. मला वाटलं आता शिव्याशाप. म्हणाल्या, "तुम्ही वाईट नाही हो, बाई. तुम्हाला सवय झालीय." मला कुणी चारचौघांत मुस्काटात दिली असती तर एवढं लागलं नसतं.

त्या वर्षीही निकाल शंभर टक्के लागला. फाटकावरचा आकडा वाढला. त्या मुलांची नववीची वर्गशिक्षिका म्हणून माझा सत्कार झाला, नारळ आणि शाल.

ताई नंतर घोटीकडे गेल्या, तिथल्या वाड्या-पाड्यांवरच्या पोरांना घेऊन बसायच्या म्हणे. शेंगा, चिठ्ठ्या, टेबलाखालचे तास, सगळं तिथेही चालूच. मधे आजार निघाला, आणि गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. मला कळलं ते शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. सरांनी लिहिलं, 'आमच्या शाळेचा आधारस्तंभ हरपला.' अहो, ज्या स्तंभाला तुम्ही खोलीतून चटईसकट बाहेर काढलंत तोच ना? पण मी काय तोंडाने बोलणार! संस्थेने शोकसभा ठेवली, आणि शोकप्रस्ताव लिहायला मराठीच्या बाई म्हणून मलाच बोलावलं. मी नुकतीच निवृत्त झाले होते. लिहिला की. भावपूर्ण लिहिला. दोन जणींनी डोळे पुसले. एकीने येऊन सांगितलं, "बाई, काय शब्द आहेत तुमच्याकडे!"

त्या शब्दांची मला शिसारी आली. घरी आले आणि एक कोरा कागद घेऊन तीन वर्षांपूर्वी मागितलेल्या दोन ओळी लिहिल्या. खाली एक माझी घातली. सही केली. आता धैर्याचं काय विचारता! पेन्शन सुरू झाली की माणसाला फार धैर्य येतं. कागद शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेऊन उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन पंचवटीच्या बाजारात गेले.

वैष्णवी आता अठराची झालीय. एका टोकाला ती बसलेली, दुसऱ्या टोकाला बाप जुड्यांवर पाणी मारत. मधे मेथी, कोथिंबीर, पालक. चार भाज्यांचा हिशेब ती गिऱ्हाइकाची पिशवी उघडायच्या आत तोंडी सांगत होती. एका बाईंनी शेपू विचारला, तर ती बापाकडे मानही न वळवता म्हणाली, "त्या बाजूला विचारा." तीन वर्षं हे दोघं रोज पहाटेपासून असे शेजारी बसतायत. मी समोर उभी राहिले. तिने ओळखलं. "बाई, काय देऊ?"

मी कागद पुढे केला. "वाच," म्हटलं. सवयच ती, तोंडातून निघून गेलं.

तिने कागद उघडला, बघितला आणि परत माझ्या हातात दिला. "तुम्हीच वाचा. मोठ्यानं."

आजूबाजूला गिऱ्हाईक होतं. मी वाचलं. "मी, नववी ब ची वर्गशिक्षिका, लिहून देते की वैष्णवीच्या वडिलांना मी तो अर्ज वाचून दाखवला नाही. ते तो सवलतीचा समजून लिहीत होते. हे मला त्याच वेळी कळलं होतं आणि मी गप्प बसले."

बापाचा पाणी मारणारा हात थांबला. वैष्णवीने समोरची एक जुडी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग विचारलं, "पण पप्पांनी स्वतः का नाही वाचला?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलेलं नाही, आणि पुन्हा बघू नये. ताईंनी महिनाभर कचेरीत जे तोंड घट्ट मिटून धरलं होतं ते मला त्या क्षणी समजलं. मी म्हटलं, "मी वाचू दिला नाही. घाई केली. पटपट उतरवा, पटपट उतरवा म्हणून डोक्यावर बसले."

तिने मान हलवली. "ताई म्हणाल्या होत्या, थांब, एक कागद येणार आहे. मी महिनाभर रोज दप्तर भरून ठेवत होते. तोच का हा?"

"हो."

"ताई गेल्या ना?"

"हो."

तिने माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि गल्ल्यात ठेवला. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. बापाकडे वळली. "पप्पा," ती म्हणाली, "यांना जायला सांगा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

तीन वर्षांनी ती त्याच्याशी बोलली ते हे. त्याने उपरण्याने डोळे पुसले, उठून उभा राहिला आणि मला म्हणाला, "या आता, बाई."